स्वजनांची भेट : मोह की दान?

गेल्या मार्गशीर्षात एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. काल्याच्या आदल्या रात्रीचे कीर्तन आटोपून आम्ही मुक्कामाच्या घरी आलो, दूध घेतले आणि आता अंथरुणावर पाठ टेकणार, तोच त्या घरच्या वडीलधाऱ्या बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. वय आमच्याच आसपासचे. हातात जपमाळ होती, पण बोटे स्थिर नव्हती.

"महाराज, एक विचारू का? कीर्तनात विचारण्यासारखं नाही, म्हणून आत्ता आले."

आम्ही म्हटले, "विचारा की माउली."

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. त्यांना लहानपणापासून शिवणाची आवड. आधी पायाने चालवायचे काळे यंत्र होते. पाचसहा वर्षांपूर्वी मुलाने भरतकामाचे विजेवरचे यंत्र घेऊन दिले. तेव्हापासून घरच्या माणसांसाठी काहीतरी शिवीत बसणे हाच त्यांचा उद्योग. नातवाला दुपटे, लेकीला उशांचे अभ्रे, भावजयीला पिशवी, जावयाला नाव घातलेले रुमाल. कापडावर कापडाचे तुकडे लावून नक्षी करतात, ज्याला आता बायका ॲप्लिक म्हणतात, त्यात त्यांचा हात विशेष. नातवाच्या दुपट्यावर त्यांनी हत्ती लावला होता, करड्या कापडाचा, लाल झुलीचा. दीड महिना त्यावर बसल्या होत्या.

"आणि दिवाळीला मुलाकडे गेले तर ते दुपटं गाडीच्या डिकीत. जॅक गुंडाळून ठेवलेला त्यात. तेलाचे डाग पडलेले. मी काही बोलले नाही. पण तेव्हापासून सुनेच्या हातचा चहासुद्धा गोड लागत नाही, महाराज. तर माझं विचारणं असं की, हरिपाठाची वेळ मोडून मी मशीनवर बसते, हा मोह म्हणायचा का? आणि मोहच असेल, तर मला शिक्षा झाली ती बरोबरच झाली, नाही का?"

एरवी असल्या प्रश्नाला आमच्यापाशी तयार उत्तर असते. संसार, माया, मोह असे चार शब्द आणि वर एखादा दृष्टान्त, की श्रोते माना डोलावतात. पण त्या रात्री आमच्याने ते झाले नाही. आम्ही म्हटले, "सकाळी बोलू." कारण त्या बाईंच्या तोंडून आम्हांला आमचाच एक अपराध ऐकू आला होता. तो आधी सांगतो. त्यावाचून पुढचे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आमच्या थोरल्या सूनबाईंनी दोन वर्षांपूर्वी आमच्या पोथीसाठी एक रुमाल करून दिला. पिवळ्या सुती कापडावर हिरव्या तुकड्यांची तुळस, विटकरी रंगाचे वृंदावन, भोवती रेशमी दोऱ्याने भरलेली पाने. काम देखणे होते. आम्ही विचारले, "किती दिवस लागले ग याला?" ती बिचारी सरळ माणूस, म्हणाली, "बाबा, मशीननं पाऊण तासात भरलं." यावर आम्ही काय बोललो असू? "मग यंत्रालाच आशीर्वाद द्यायला हवा!" आजूबाजूची माणसे हसली. ती हसली नाही. रुमाल आम्ही कपाटात ठेवला आणि जुन्याच फडक्यात पोथी बांधत राहिलो.

पुढे महिनाभराने एके सकाळी चहाचे पातेले उतरवायला आम्ही स्वयंपाकघरात फडके शोधीत होतो. हाताला आले ते पिवळे. त्यावर तुळस. आम्ही चपापलो, की पोथीचा रुमाल येथे कसा? नीट पाहिले तर तो नव्हता. ते बिघडलेले होते, आणि तशी आणखी चार निघाली. एकात कापड चुणीने गोळा झालेले. एकात तुळशीचे पान वृंदावन सोडून भलतीकडे. एकात खालचा पांढरा दोरा वर येऊन हिरव्यावर पांढरे ठिपके पडलेले. पाऊण तास लागला तो सहाव्याला. आधीच्या पाचांचा हिशेब तिने सांगितला नाही, आणि आम्ही विचारला नाही.

त्या दिवशी आम्ही तिच्याजवळ बसून हे काम काय असते ते प्रथमच समजून घेतले. यंत्र आधी कापडावर एक साधी रेघ शिवून दाखवते, की तुकडा येथे ठेव. मग तुकडा ठेवायचा. यंत्र त्यावरून दुसरी रेघ मारून तो धरून ठेवते. मग कापड ताणून बसविलेली ती चौकट यंत्रातून काढायची आणि बारीक कात्रीने तुकड्याचे जास्तीचे कापड रेघेलगत कापायचे. जरा जास्त सोडले तर कडेने दशा बाहेर दिसतात. जरा जास्त कापले तर पुढच्या धुण्याला तुकडा टाक्यातून निसटतो. हे कापणे यंत्र करीत नाही. त्यानंतर यंत्र नागमोडी दाट टाका घालून ती कड झाकते. शिवाय तुकड्याचा उभा धागा खालच्या कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवून ठेवावा लागतो, नाहीतर दोघे दोन दिशांना ओढतात आणि चुणी पडते. कोरे कापड आधी पाण्यातून काढावे लागते, नाहीतर तुकडा मागून आटतो आणि सगळी नक्षी आकसते. वरचा दोरा सुईतला, खालचा बॉबिनमधला. दोघांचा ताण असा राखायचा की खालचा वर दिसता कामा नये. एवढ्याशा वृंदावनाला काही हजार टाके. टाके यंत्राचे खरे. पण कोठले कापड, कोणता हिरवा, कोणासाठी, आणि बिघडल्यावर पुन्हा का, हे यंत्राला कोठे ठाऊक?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमची शाळा जुनी, म्हणून पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशीच मांडणी करतो.

पहिला पूर्वपक्ष यंत्राचा. कोणी म्हणेल, हाताने टाका घातला तर त्यात श्रम आहे, आणि श्रमात प्रेम आहे. यंत्राने घातला तर दोन्ही नाहीत. हा वाद नवा नाही. भरतकामाचे यंत्र आपण समजतो तितके अलीकडचे नव्हे. जोशुआ हाइलमान याने ते १८२८ च्या सुमारास तयार केले होते. कापड शिवण्याच्या यंत्राचा स्वामित्वहक्क फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिये या शिंप्याला १८३० साली मिळाला, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी पोटावर पाय येईल या भयाने त्याची यंत्रे मोडून टाकली. त्यांचे भय खोटे नव्हते. यंत्रे माणसाला बेकार करतात हे दुःख आपल्याकडच्या विणकरांनीही भोगले आहे.

आणि म्हणूनच महात्माजींचे मत येथे ध्यानात घ्यावे. यंत्रांविषयी त्यांच्याइतका कठोर विचार कोणी केला नसेल. तरी १९२४ साली एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केले, आणि कारण काय दिले? तर सिंगरने आपल्या बायकोला सुईदोऱ्याने शिणताना पाहिले आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र काढले. आता इतिहास पाहिला तर यंत्र काही एकट्या सिंगरचे नव्हे. त्याचा हक्क १८५१ चा, त्याआधी इलायस हाऊ याला १८४६ साली अमेरिकेत हक्क मिळालेला होता. आणि सिंगरच्या प्रेमाची कथाही कितपत खरी याविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण महात्माजींच्या बोलण्यातले तत्त्व त्याने बाधत नाही. यंत्राची किंमत ते कशासाठी चालते यावर करावी. लोभासाठी चालले तर निंद्य. एखाद्याचे कष्ट हलके करण्यासाठी, एखाद्याच्या सुखासाठी चालले तर ते सुईचेच मोठे भावंड.

शिवाय आम्ही सुनेला जो प्रश्न केला, "किती दिवस लागले?", त्याचे मूळ तपासले तर काय निघते? आम्ही प्रेम मोजायला निघालो होतो, आणि माप घेतले घड्याळाचे. तिने सहा महिने लागले असे सांगितले असते तर आम्ही चारचौघांत तो रुमाल मिरवला असता. म्हणजे आम्हांला हवे होते ते तिचे प्रेम नव्हे, आमच्यासाठी कोणी किती झिजले याची पावती. हा घेणाऱ्याचा अहंकार, आणि हा देणाऱ्याच्या अहंकाराहून वाईट, कारण तो दुसऱ्याच्या कष्टावर पोसतो.

दुसरा पूर्वपक्ष अधिक जड आहे. तो असा : परक्याला, गरजूला दिले तर ते दान. आपल्याच नातवाला, आपल्याच लेकीला दिले तर त्यात पुण्य कसले? ते एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकणे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना सात्त्विक दान कोणते, तर जे अनुपकारी माणसाला, म्हणजे ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही त्याला, देणे हे आपले कर्तव्य अशा बुद्धीने दिलेले, असे म्हटले आहे. नातेवाईक तर परतफेड करणारच. मग घरच्यांची भेट राजस दानातच जाणार.

पण भगवान शंकराचार्यांनी या ठिकाणी भाष्य करताना एक बारीक दार उघडे ठेवले आहे. ते सांगतात की अनुपकारी म्हणजे परतफेड करण्यास असमर्थ असा तर खराच. पण समर्थ असला तरी त्याच्याकडून काही अपेक्षा न ठेवता दिले, तर तेही याच वर्गात येते. केवढी सोय झाली पाहा. दान सात्त्विक की राजस हे घेणाऱ्याच्या नात्यावर ठरत नाही, देणाऱ्याच्या अपेक्षेवर ठरते. सुनेला दिलेले दुपटे सात्त्विक असू शकते, आणि भिकाऱ्याला दिलेला रुपया राजस असू शकतो, जर देताना कोणी पाहते आहे का इकडे आपला डोळा असेल.

मग अपेक्षा म्हणजे काय? पैशाची परतफेड कोणती आजी मागते? अहो, ती तर उलट पदरचे घालते. पण परतफेडीची नाणी पुष्कळ प्रकारची असतात. "किती छान!" हे एक नाणे. पाहुण्यांपुढे आपले काम दाखविले जाणे हे दुसरे. आणि दिलेली वस्तू आपण मनात योजलेल्या जागी, योजलेल्या रीतीने, योजलेली वर्षे राहावी ही तिसरी अपेक्षा. ही सर्वांत सूक्ष्म, कारण ती प्रेमासारखीच दिसते.

शास्त्रकारांनी दानाची जी व्याख्या केली आहे तिचा आशय येथे कामाचा आहे. वस्तूवरचे आपले स्वत्व निघून जाणे आणि तिच्यावर दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न होणे, ही दोन्ही घडली तर दान झाले. नुसती वस्तू हातातून हातात गेली म्हणजे दान होत नाही. म्हणून यज्ञात आहुती टाकल्यावर यजमान "न मम" म्हणतो. आहुती तर अग्नीत पडलेलीच असते, मग हे म्हणायचे कशाला? कारण वस्तू सुटली तरी 'माझे' सुटत नाही, ते वेगळे सोडावे लागते.

शिवणाऱ्या बायकांना हे आमच्याहून चांगले ठाऊक आहे. नक्षी भरून झाली, कापड चौकटीतून काढले, पण दोरा तोडला नाही तर काय होईल? कापड न्यायला कोणी ओढले की यंत्रही ओढले जाते, सुई वाकते, आणि केलेल्या टाक्यांना चुणी पडते. त्या माउलींनी दुपटे नातवाला दिले, दीड महिन्याचा जीव त्यात ओतला, सगळे उत्तम केले. फक्त शेवटचा दोरा आपल्या हाती ठेवला. मुलाने ते डिकीत नेले तेव्हा हिसका बसला तो त्या दोऱ्याला.

तर मग शिवणे हा मोह का? आमचे म्हणणे, नाही. आपल्या संप्रदायाने कामाला कधी विटाळ मानला नाही. नामदेवराय शिंपी होते, आणि गुरुग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आहेत त्यांतल्या एकात त्यांनी गज, कात्री ही आपल्या धंद्याची अवजारेच नामस्मरणाला लावली आहेत. सावता महाराजांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही. पुरीला जगन्नाथाचे रथ निघतात त्यांवर रंगीत कापडांची आच्छादने असतात. जगन्नाथाच्या रथाची लाल-पिवळी, बलभद्राची लाल-हिरवी, सुभद्रेची लाल-काळी. कापडावर कापड लावण्याची ही कला पुरीजवळच्या पिपिली गावच्या दर्जी लोकांनी देवाच्या सेवेतच वाढविली. कापड, कात्री, दोरा यांत दोष असता तर ती देवाच्या रथावर चढती ना.

आणि आपल्या जनाबाईंची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. देव तिच्याबरोबर दळायला बसले, काकडआरतीची वेळ झाली, आणि लगबगीने निघताना आपला शेला तेथे टाकून तिची वाकळ पांघरून राउळात गेले. वाकळ म्हणजे तरी काय? जुन्या चिंध्यांचे तुकडे एकावर एक लावून घातलेला धावदोरा. आजच्या या ॲप्लिकची ती गरीब आजी. देवाने ती घेताना किती टाके घातलेस म्हणून विचारले नाही. पण दुसरीकडेही लक्ष द्यावे : देवाने वाकळ नेली म्हणून जनाबाई मागे धावत गेल्या नाहीत.

मोह आहे तो 'माझा' या शब्दात. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला समजावतात की पती, पुत्र, धन ही सारी आपल्याला प्रिय वाटतात ती आत्म्याच्या प्रीतीमुळे. याचा कोणी असा अर्थ घेतात की सगळे प्रेम स्वार्थीच आहे. तसे नाही. नातवात आपल्याला जो गोड वाटतो तो आपल्यातही आहे आणि शेजारच्या पोरातही आहे. आपण मात्र त्याला एका घराच्या भिंतीत कोंडतो. भेट देताना ती भिंत बोटभर जरी खचली तरी साधन झाले.

सकाळी निघण्यापूर्वी आम्ही त्या माउलींना हेच आपल्या परीने सांगितले. यंत्र सोडू नका. यंत्रावर हात आणि डोळे गुंततात, मुख मोकळे असते. हरिपाठाची वेळ मोडू नका, आणि एरवी टाक्याबरोबर नाम चालू द्या. शिवण्याआधी ज्याला द्यायचे त्याला विचारा की तुला काय हवे. आपल्याला हत्ती आवडतो म्हणून त्याच्या घरी हत्तीला जागा असतेच असे नाही. धुतले तर टिकेल, वापरले तर मळेल, असेच करा. जपून ठेवण्याजोगे केले की घेणाऱ्यावर ओझे पडते. दहा वस्तू घरच्यांसाठी केल्या तर अकरावी अशा कोणासाठी करा, ज्याचे नाव तुम्हांला माहीत नाही. आणि वस्तू हातात दिल्यावर मनातल्या मनात "न मम" म्हणा, आणि पुन्हा तिची चौकशी करू नका.

त्या ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "महाराज, पुढच्या खेपेला गेले की तेवढं दुपटं डिकीतून काढून आणू का? धुऊन ठेवीन. मुलाला दुसरं फडकं देते की जॅकला."

आम्ही म्हटले, "नको माउली. ते आता त्यांचे आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. त्यांना ते कठीण वाटले हे आम्हांला दिसले, आणि खरे सांगायचे तर आमच्या तोंडूनही ते सहज निघाले नव्हते. दीड महिन्याचा हत्ती जॅकला गुंडाळलेला असू दे म्हणणे ही काही लहान गोष्ट नाही. पण कात्री लागते ती याच ठिकाणी.

हे झाले देणाऱ्याचे. घेणाऱ्यांना दोन शब्द सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण त्या पंक्तीत आम्ही स्वतः बसलेलो आहोत. देणाऱ्याने अपेक्षा ठेवू नये हे खरे. पण म्हणून घेणाऱ्याने जॅक गुंडाळावा असे शास्त्र नाही. श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात सुदामदेवांची कथा आहे. त्यांच्या बायकोने शेजारीपाजारी मागून चार मुठी पोहे आणले आणि फडक्यात बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून सुदामदेव लाजले आणि पुरचुंडी लपवू लागले. तेव्हा देवाने काय केले? ती आपण होऊन ओढून घेतली, सोडली, आणि मूठभर पोहे तोंडात टाकले. देणाऱ्याची लाज घालवणे हे घेणाऱ्याचे काम. आपण मात्र देणाऱ्याला लाज आणतो, "यंत्राचे का?", "बाजारात स्वस्त मिळते", "ठेवू कोठे?" म्हणून.

म्हणून वाचकहो, कोणी घरच्या माणसाने काही शिवून दिले तर एकदा ते उलटे करून पाहावे. सुलट बाजूला नक्षी असते ती सर्वांना दिसते. उलट बाजूला गाठी असतात, एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेले दोरे असतात, कोठे उसवून पुन्हा घातल्याच्या खुणा असतात. देणारा त्या दाखवीत नाही. त्या पाहणे हे आपल्याकडे राहिलेले काम आहे.

आमची पोथी आता त्या पिवळ्या रुमालात असते. सूनबाईंना आम्ही त्याबद्दल काय बोललो ते येथे लिहिण्याचे कारण नाही. रुमाल रोज सुटतो, रोज बांधला जातो. कडेचा एक हिरवा टाका नुकताच उसवला आहे. तो तिला दाखवावा की आपणच सुईदोरा घ्यावा, हा आमचा सध्याचा प्रश्न. हात थरथरतो, टाका वाकडा पडेल. तरी आपणच घ्यावा असे वाटते.

राम कृष्ण हरी.